कॅप्टन, तुमचे जॅकेट अजून आमच्याकडे आहे

प्रिय कॅप्टन,

जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानमध्ये, फुटबॉलच्या प्रशिक्षकाला सगळे याच नावाने हाक मारतात, म्हणून मीही तेच लिहिते. हे पत्र मराठीत आहे, कारण मनातले नीट सांगायला मला दुसरी भाषा पुरत नाही. माझी मुलगी ते तिच्या मोडक्यातोडक्या अरबीत तुम्हाला फोनवर वाचून दाखवील. ते सर्वांसमोर ठेवते आहे ते अशासाठी, की इथल्या आईबापांनी आणि शाळांतल्या क्रीडाशिक्षकांनीही ते वाचावे.

मुलगी तुमच्याकडे आली तेव्हा तिने वर्षभर चेंडूला पाय लावलेला नव्हता, आणि त्याचे कारण मी तुम्हाला तेव्हा सांगितले नव्हते. आमच्या शहरातल्या तिच्या शाळेत, ती अकरा वर्षांची असताना, सराव चालू असतानाच तिची पाळी सुरू झाली. पहिलीच वेळ होती. पांढऱ्या चड्डीवर डाग पडला, आणि तिच्या सरांनी मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून, मुलांच्या देखत, तिला बाहेर घ्या म्हणून ओरडून सांगितले. दप्तर पाठीमागे धरून ती अख्खे मैदान एकटी चालत गेली. मी भेटायला गेले तेव्हा मुख्याध्यापिकांनी मला समजावले, की मुलींसाठी थ्रोबॉल आहे, फुटबॉलचा हट्ट कशाला? त्या दोघांनाही आपण काही चुकीचे केले असे वाटले नाही, आणि मला आजही त्याचाच राग येतो.

तुमच्याकडे ती दोन वर्षे खेळली, पण महिन्यातले तीन दिवस तिचे पोट दुखायचे. ते खोटे आहे हे मला कळत होते आणि बहुधा तुम्हालाही कळत होते, पण तुम्ही कधी खोदून विचारले नाही.

मग आम्ही परत यायच्या तीन आठवडे आधीचा तो गुरुवार आला. मी जाळीबाहेर बसले होते. ती लेफ्ट बॅकच्या, म्हणजे डावीकडच्या बचावपटूच्या, जागेवर एकदम थांबली, दोन्ही हात मागे नेले आणि तशीच उभी राहिली. मी उठून दारापर्यंत पोहोचायच्या आत मुलींनी तिच्याभोवती कडे केले होते. कोणी शिट्टी वाजवली नव्हती, कोणी हाकही मारली नव्हती. काहींच्या डोक्याला हिजाब, काहींच्या पोनीटेल, आणि सगळ्यांची तोंडे बाहेरच्या बाजूला. घरी आल्यावर मुलीने मला पहिली गोष्ट सांगितली ती हीच : “आई, त्या सगळ्या पाठमोऱ्या उभ्या होत्या. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं.” तुम्ही त्या कड्यात शिरलात, अंगातले जॅकेट काढून त्याच्या बाह्यांची गाठ तिच्या कमरेला मारलीत, आणि एकच प्रश्न विचारलात : खेळायचंय का? विचारून उत्तराची वाट पाहिलीत. ती खोलीत जाऊन आली आणि पुन्हा त्याच जागेवर उभी राहिली. संध्याकाळी मोज्यांतून कृत्रिम गवताचे काळे रबरी दाणे झाडताना ती गुणगुणत होती.

नंतर तुम्ही मला सांगितलेत, की या मुलींना ते कडे शिकवावे लागले नाही. २०१९ मध्ये जॉर्डनमधल्याच दोन महिला क्लबांच्या सामन्यात एका खेळाडूचा हिजाब सुटू लागला, तेव्हा प्रतिस्पर्धी संघाच्या मुलींनी तिच्याभोवती गराडा घातला आणि तिने तो नीट बांधेपर्यंत त्या हलल्या नाहीत. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. तुमच्या मुली तिच्यावरच वाढल्या. मी तो प्रसंग पाहिला तेव्हा मला २०११ आठवले, कारण त्या वर्षी तुमच्याच अम्मानमध्ये इराणच्या मुलींना डोके झाकले म्हणून ऑलिंपिक पात्रता सामना खेळू दिला नाही, आणि त्या मैदानातच रडल्या. फिफाचा तो नियम बदलावा म्हणून तुमच्या प्रिन्स अली बिन अल हुसेन यांनी जोर लावला, २०१२ मध्ये चाचणीपुरती परवानगी मिळाली आणि २०१४ मध्ये ती कायमची झाली. २०१६ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक जॉर्डनमध्ये झाला. यजमान संघ तिन्ही सामने हरला, पण त्यात डोके झाकलेल्या आणि न झाकलेल्या मुली एकाच रंगाच्या जर्सीत खेळल्या. जेमतेम एक कोटी वस्तीच्या, पाण्याचीही टंचाई असलेल्या देशाने हे केले. तुम्ही स्वतः त्या बंदीच्या वर्षांत खेळत होतात. डोक्यावरच्या कापडापायी बाहेर बसवले जाणे काय असते हे ठाऊक असलेल्या बाईने माझ्या मुलीला बाहेर बसवले नाही, हे मला फार मोठे वाटते.

त्या दिवसापासून मी चांगुलपणाचा विचार वेगळ्या रीतीने करते. आमच्याकडे तो स्वभावात असावा लागतो असे मानतात, आणि ज्याच्या स्वभावात नसतो त्याला आपण सोडून देतो. तुमच्या मुलींमध्ये तो पासिंगच्या सरावासारखा पायांत मुरलेला होता, म्हणून विचार करायला क्षणभरही लागला नाही. तो तसा मुरायला कोणीतरी रोज मैदानावर उभे राहावे लागते, आणि तुम्ही उभ्या राहिलात.

इथे परतल्यावर मुलगी एका क्लबात जाऊ लागली आहे. महिन्यातले ते तीन दिवसही ती जाते.

निघायच्या गडबडीत तुमचे जॅकेट आमच्या सामानात आले. ते धुऊन, इस्त्री करून ठेवले आहे, आणि पुढच्या महिन्यात माझ्या यजमानांचे एक सहकारी अम्मानला जाणार आहेत, त्यांच्या हाती पाठवते. त्याच्या आतल्या खिशात तुमची शिट्टी निघाली. ती मात्र मुलीने मागितली आहे. ठेवून घेतली तर चालेल का, एवढे कळवा.

तुमची ऋणी,
लेफ्ट बॅकची आई