चिडला म्हणून हिरवळ सोलायची?

संपादक महोदय,

गोल्फपटू सर्जिओ गार्सियाने 2017 मध्ये मास्टर्स ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याच्याबद्दल वाटलेला आदर फेब्रुवारी 2019 मध्ये पार ओसरला. सौदी इंटरनॅशनल स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत त्याने रागाच्या भरात अनेक ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, खराब केली. मागून येणाऱ्या खेळाडूंनी तक्रार केली आणि गंभीर गैरवर्तनाच्या नियमाखाली तो स्पर्धेतून बाद झाला. नंतर माफी मागितली, हे खरे.

पण नुकसान कोणाचे? ग्रीनवरचे गवत जेमतेम तीन-चार मिलिमीटर. बूट फरफटला की ते मुळासकट सोलते, आणि हळू घरंगळणारा चेंडू तिथे उसळून दिशा सोडतो. 2019 पासून बुटांच्या खुणा बुजवायची मुभा आहे. चेंडू पडून खड्डा झाला असेल तर दुरुस्तीचा छोटा काटा कडेला खोचून गवत मध्याकडे सारायचे आणि पटरने (ग्रीनवर चेंडू ढकलायच्या काठीने) थोपटायचे. खालून उचकटले तर मुळे तुटतात. सोललेल्या पट्ट्याला मात्र हा इलाज नाही, तिथे गवत नव्याने धरेपर्यंत थांबावे लागते. आपल्या खान्देशी भाषेत सांगायचे तर, दुसऱ्याच्या नुकत्या उगवलेल्या कपाशीत वखर घालण्यातला प्रकार.

याच खेळात बॉबी जोन्सने 1925 च्या यूएस ओपनमध्ये, चेंडू किंचित हलला म्हणून स्वतःच एका फटक्याचा दंड लावून घेतला आणि पुढे प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, एका फटक्याने हरला!

क्रीडा पानावर निकालाबरोबर असे दंड का झाले, हेही दोन ओळींत छापावे, ही विनंती.

– एक वाचक, अमळनेर