अक्का, तुम्ही वायूकडे बघायला शिकवलंत

आदरणीय अक्का,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांतून पुढे आलेल्या बऱ्याच पोरांना वाटतं, की दीर्घिकासमूहांचं सिम्युलेशन, म्हणजे दीर्घिकांचे समूह संगणकावर घडवून बघणं, हे पुण्या-बंगळूरच्या संस्थांतच होणारं काम. तुम्ही पहिल्याच फोनवर म्हणालात, ‘टीएनजी-३०० या विश्वाच्या मोठ्या सिम्युलेशनचा डेटा सगळ्यांना खुला आहे. सुमारे १ अब्ज प्रकाशवर्षं बाजूचा घन, काळाचे १०० स्नॅपशॉट. अख्खा उतरवत बसू नको. एकच समूह निवड, तेवढाच तुकडा माग आणि त्याचे पूर्वज, म्हणजे ज्या लहान गटांतून तो बनला ते, मागे मागे शोधत जा.’ पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि इंटरनेट दोन्हींचा भरवसा नसतो. तुमच्या या सल्ल्यानंच माझा प्रकल्प उभा राहिला.

पण त्याहून मोठं ऋण वायूचं. समूहातलं बहुतेक वस्तुमान न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचं, आणि उरलेल्या सामान्य द्रव्यातही ताऱ्यांचा वाटा थोडा. बाकी सगळा क्ष-किरणांत चमकणारा, कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू. कृष्णद्रव्य गुरुत्वाकर्षणापुरतं वागतं. वायूला दाब असतो, तो आदळतो, तापतो, निवतो. मग मधला वायू निवून त्याचे ढीगभर तारे का होत नाहीत, असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीनं टिपलेला पर्सियस समूह दाखवलात. मधल्या कृष्णविवराच्या झोतांनी वायूत पाडलेल्या त्या पोकळ्या! ही ऊर्जा गणितात धरली नाही, तर सिम्युलेशनमध्ये मधोमध भलतेच तारे तयार होतात, हे तेव्हा नीट उमगलं.

हेच झोत दीर्घिकांच्या लहान गटांतून वायू बाहेरही ढकलतात. म्हणून तिथे सामान्य द्रव्याचा वाटा विश्वाच्या सरासरीपेक्षा, म्हणजे सुमारे १६ टक्क्यांपेक्षा, बराच कमी भरतो. मोठे समूह मात्र आपल्या गुरुत्वाच्या जोरावर जवळजवळ सगळं राखून ठेवतात. पण मोठे समूह लहान गटांच्या विलीनीकरणातूनच बनतात ना? मग बाहेर गेलेला वायू परत येतो का, आणि कधी? हा प्रश्न तुम्ही माझ्या हाती दिलात आणि उत्तर मुद्दाम दिलं नाहीत. दिवसभराचं काम उरकून, रात्री उशिरापर्यंत माझे आलेख तपासलेत. एवढा वेळ कोण कुणाला देतं, अक्का?

नवे आलेख पाठवतोय. वायूची बेरीज अजून आर-५०० त्रिज्येच्या (जिच्या आतली सरासरी घनता विश्वाच्या क्रांतिक घनतेच्या ५०० पट असते, तिच्या) आतलीच आहे. बाहेर फेकलेला वायू सापडायचा तर किती दूरपर्यंत जाऊ, तेवढं कळवा.

तुमचा,
खानापूरचा विद्यार्थी