शिष्यवृत्ती परीक्षेला न बसलेली मुले

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

प्राथमिक शिष्यवृत्ती परीक्षा पाचवीऐवजी पुन्हा चौथीत आणि उच्च प्राथमिक परीक्षा आठवीऐवजी पुन्हा सातवीत घेण्याचा निर्णय शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला. बहुतेक जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच असल्याने पाचवीची परीक्षा त्यांच्या हातातून निसटली होती आणि चौथीच्या शिक्षकांची तिच्याशी असलेली बांधिलकीही सुटली होती, म्हणून हा निर्णय योग्यच आहे. परंतु इयत्तेचा प्रश्न सुटला म्हणजे प्रज्ञाशोधाचा प्रश्न सुटला, असे जे समाधान शिक्षक-वर्तुळात दिसते, त्यात मला सहभागी होता येत नाही. बीड जिल्ह्यात बत्तीस वर्षे शिक्षिका आणि शेवटची काही वर्षे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाची (‘केंद्रा’ची) पर्यवेक्षक, म्हणून काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ही परीक्षा कोणत्या इयत्तेत घ्यावी यापेक्षा तिला कोणते मूल बसते आणि कोणते बसतच नाही, हा प्रश्न फार मोठा आहे, आणि त्याकडे आपण सत्तर वर्षे पुरेसे पाहिलेले नाही.

ही परीक्षा १९५४-५५ पासून चालत आली आहे. आज तिचे स्वरूप प्रत्येकी १५० गुणांच्या दोन पेपरांचे आहे: पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती नेटाने आणि मोठ्या प्रमाणावर घेते, ग्रामीण आणि शहरी मुलांच्या गुणवत्ता याद्या वेगळ्या लावते, आणि खेड्यातल्या कितीतरी मुलांना आयुष्यातला पहिला आत्मविश्वास याच परीक्षेने दिला आहे. माझ्या स्वतःच्या विद्यार्थ्यांत अशी उदाहरणे आहेत, त्यामुळे परीक्षा बंद करा असे मी म्हणणार नाही. मात्र या परीक्षेला मूल ‘बसते’ असे आपण सहज म्हणत असलो, तरी प्रत्यक्षात त्याला ‘बसवले’ जाते. अर्ज शाळा भरते, कोणाचा भरायचा हे वर्गशिक्षक ठरवतात, बिगरमागास मुलांना शुल्क अधिक असते, जादा तास कोणासाठी घ्यायचे हेही शाळेतच ठरते. निकाल चांगला लागावा, या स्वाभाविक इच्छेने शिक्षक अभ्यासात नीटनेटकी, नियमित येणारी, घरी कोणीतरी सराव करून घेईल अशी मुले निवडतात. हे मी इतरांवर दोष टाकण्यासाठी लिहीत नाही, कारण मीही वर्षानुवर्षे अशीच निवड केली आहे.

त्यातली एक चूक मला आजही सलते. माझ्या चौथीच्या वर्गात ऊसतोड कामगाराची एक मुलगी होती. दसऱ्यानंतर आईवडील कारखान्यावर निघाले की ती त्यांच्याबरोबर जाई आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येई. एका एप्रिलमध्ये ती परतली तेव्हा मी वर्गाला टन आणि क्विंटलची उदाहरणे घालत होते, आणि माझे फळ्यावर लिहून होण्याआधीच ती उत्तर सांगत होती. चौकशी केली तेव्हा कळले की फडावर, म्हणजे उसाच्या शेतात, आईवडिलांच्या कोयत्याचा (दोघांनी जोडीने केलेल्या तोडणीचा) हिशेब तीच ठेवत असे: रोज किती ऊस तुटला, वजनकाट्यावर किती भरला, टनाच्या दराने मजुरी किती झाली, मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीतून किती फिटले आणि किती उरले. हे सारे ती पाटीवर किंवा कागदावर न मांडता तोंडाने करत होती. शिष्यवृत्तीचे अर्ज मात्र ती नसताना भरून झाले होते आणि परीक्षाही ती नसतानाच होऊन गेली होती. पुढच्या वर्षी तिच्या वडिलांना मी म्हटले की पोरीला हंगामी वसतिगृहात ठेवा, तर ते म्हणाले, “बाई, धाकट्याला कोण सांभाळणार?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

अर्ज भरण्याचा काळ आणि गावे रिकामी होण्याचा काळ एकच आहे, आणि परीक्षेचा फेब्रुवारी हा तर हंगामाचा ऐन भर असतो. बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगर या पट्ट्यातून स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले प्रज्ञाशोधाच्या वेळापत्रकातूनच वगळली जातात. त्यांना कोणी अपात्र ठरवत नाही, आणि म्हणूनच ती नोंदीत कोठेही दिसत नाहीत.

केंद्र सरकारच्या निवासी नवोदय विद्यालयांचा अनुभवही विचार करण्यासारखा आहे. या योजनेची पहिली दोन विद्यालये हरियाणातील झज्जर आणि आपल्या अमरावती येथे निघाली. खेड्यातील हुशार मुलाला पैशाअभावी चांगले शिक्षण नाकारले जाऊ नये हा तिचा हेतू, आणि त्यासाठी पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना राखून ठेवण्याचा नियम. हा नियम मोलाचा आहे. तरीही ८० प्रश्नांच्या, दोन तासांच्या तिच्या प्रवेश परीक्षेसाठी तालुक्याच्या गावांत खास शिकवण्या उभ्या राहिल्या आहेत. जागा ग्रामीणच मुलाला मिळते, पण ती शिकवणीची फी भरू शकणाऱ्या ग्रामीण मुलाकडे जाण्याचा संभव वाढत जातो.

यात परीक्षेच्या प्रकाराचाही वाटा आहे. बुद्धिमत्ता चाचणीत अंकमालिका, सांकेतिक भाषा, आरशातील व पाण्यातील प्रतिमा, दिशा, घड्याळ, वेन आकृत्या असे प्रश्नांचे ठरावीक साचे येतात. ज्या मुलाने चाळीस-पन्नास सराव पेपर सोडवले आहेत ते मूल प्रश्न पाहताच साचा ओळखते; ज्याने एकही सोडवलेला नाही ते प्रथम प्रश्न काय विचारतो आहे हे समजून घेते, मग विचार करते, आणि तोवर वेळ संपते. विचार या दुसऱ्या मुलाने अधिक केलेला असतो, गुण पहिल्याला मिळतात. पॅरिसमध्ये १९०५ साली मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी आपली पहिली बुद्धिमत्ता चाचणी बेतली ती वर्गात मागे पडणाऱ्या, अधिक मदतीची गरज असलेल्या मुलांना ओळखण्यासाठी. मुलांना रांगेत उभे करून पहिला-दुसरा ठरवावे हा तिचा हेतू नव्हता. त्याच चाचणीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर वि. वि. कामत यांनी स्वातंत्र्यापूर्वी केले, आणि ‘बिने-कामत’ हे नाव आजही आपल्याकडच्या मानसशास्त्रज्ञांच्या तोंडी आहे. एका जाणत्या व्यक्तीने एका मुलासमोर बसून, त्याचे उत्तर ऐकून, तो अडला तर कोठे अडला हे पाहून घ्यावयाची ती चाचणी आहे. तिच्यात आणि उत्तरपत्रिकेवरचे गोल रंगवण्यात जे अंतर आहे, ते आपण विसरून गेलो आहोत.

अमेरिकेतील दोन ठिकाणांचा अनुभव येथे सांगणे मला आवश्यक वाटते. फ्लोरिडा राज्यातील ब्रोवर्ड परगण्यात २००५ पर्यंत शिक्षक किंवा पालक ज्याचे नाव सुचवतील त्याच मुलाची प्रज्ञावंत म्हणून तपासणी होत असे. त्या वर्षापासून सरकारी शाळांतील दुसरीच्या सर्वच मुलांना शाळेतच, भाषेवर अवलंबून नसलेली आकृत्यांची एक छोटी चाचणी दिली गेली, आणि तिच्यात वर आलेल्या मुलांना पुढे मानसशास्त्रज्ञांच्या वैयक्तिक चाचणीला पाठवले गेले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी या बदलाचा अभ्यास केला, तेव्हा प्रज्ञावंत ठरलेल्या कृष्णवर्णीय मुलांच्या संख्येत सुमारे ८० टक्के, तर हिस्पॅनिक मुलांच्या संख्येत सुमारे १३० टक्के वाढ झाल्याचे त्यांना आढळले. ही मुले आधीही त्याच वर्गांत बसत होती. पुढे आर्थिक मंदीच्या काळात पैसे नाहीत म्हणून ही सर्वांची चाचणी बंद केली गेली, हेही येथे नोंदवले पाहिजे. न्यूयॉर्क शहराचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे प्रज्ञावंतांच्या वर्गांतील प्रवेशासाठी २००८ पासून सर्वांना एकच गुणमर्यादा लावली गेली ती न्यायासाठी. पण चाचणीसाठी पालकांनी मागणी करावयाची होती, आणि चाचणी चार वर्षांच्या मुलांची होती. परिणाम असा झाला की गरीब वस्त्यांतील मुलांचा वाटा घटला, चार वर्षांच्या मुलांच्या शिकवण्या निघाल्या, आणि २०२१ मध्ये ती चाचणी सोडून द्यावी लागली. चाचणी कितीही काळजीपूर्वक बनवलेली असली, तरी तिच्यापर्यंत पोचण्यासाठी पालकांना धडपड करावी लागत असेल, तर धडपड करणे ज्यांना शक्य आहे त्यांचीच मुले निवडली जातात.

आपल्याकडे अशी सर्वांची पाहणी करावयास वेगळी परीक्षा उभारण्याचीही गरज नाही. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीच्या मुलांची नियतकालिक मूल्यांकन चाचणी होते: वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत, पुढे दोन संकलित, आणि त्यांचे गुण शिक्षक ऑनलाइन भरतात. हे काम करताना शिक्षकांना किती त्रास होतो ते मी जाणते. तो सोसलाच जात असेल, तर त्या गुणांचा उपयोग केवळ मागे पडलेली मुले शोधण्यापुरता का राहावा? पायाभूत चाचणी दसऱ्यापूर्वी होते, म्हणजे ऊसतोडीची मुले तेव्हा गावात असतात. तिसरीच्या या चाचणीत प्रत्येक केंद्रातील वरची पाच-सात टक्के मुले घ्यावीत, त्यांना लगेच शाळेच्या वेळेत, अर्ज आणि शुल्क न घेता, सरावाने सहज न सुटणाऱ्या आकृत्यांची आणि प्रत्यक्ष व्यवहारातील उदाहरणांची दुसरी चाचणी द्यावी, आणि सोबत वर्गशिक्षकाचे सविस्तर टिपण मागवावे. तुलना केंद्रापुरतीच असावी, हा माझा आग्रह आहे. आई ज्याला घरी इंग्रजी शिकवते त्या मुलाशी फडावरून परतलेल्या मुलीची तुलना करून प्रज्ञा कळत नाही. जवळपास सारख्या परिस्थितीत वाढलेल्यांत कोण पुढे गेले आहे हे पाहिले, तर काही तरी कळते. पायाभूत चाचणीच्या गुणांतही शाळेतल्या हजेरीचा प्रभाव असतो, म्हणून शिक्षकाला यादीबाहेरचे एखादे नाव कारणासह सुचवण्याची मुभाही असली पाहिजे.

आणि शोध लागल्यावर पुढे काय? आज उत्तर एवढेच आहे की वर्षाला काही हजार रुपये मुलाच्या खात्यात जमा होतात. २०२३ मध्ये रकमा वाढवल्या गेल्या हे चांगले झाले, परंतु ते मूल दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, त्याच पुस्तकासमोर, त्याच गतीने बसते. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा तर २०२१ नंतर स्थगितच आहे. आठवीच्या मुलांसाठीची केंद्र सरकारची आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, जिचा महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ आहे, ती वर्षाला १२,००० रुपये देते. तो आधार मुलाला शाळेत टिकवतो, शिकवण्यात मात्र काही बदल करत नाही. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने १९६९ मध्ये प्रज्ञावंतांसाठी प्रशाला काढली आणि मानसशास्त्रीय पद्धतीने निवड व अध्यापन यांचा मेळ घातला. ते काम मोठे आहे, पण एका शहरातल्या एका संस्थेने केले म्हणून राज्याची जबाबदारी संपत नाही. केंद्र पातळीवर आठवड्यातून एक दुपार निवडक मुलांना एकत्र आणून, गणिताची कोडी, परिसरातले प्रयोग, वाचन आणि वादविवाद घेणारा एक प्रशिक्षित शिक्षक नेमला, तरी सुरुवात होईल. त्याला इमारत नको, केंद्रशाळा पुरे. स्थलांतरित मुलांची नावे त्यांच्या गावच्या केंद्राकडेच राहावीत आणि ती ज्या कारखान्याच्या परिसरात जातात तेथील केंद्राला कळवली जावीत, एवढे झाले तर हंगामातही ती मुले हाताबाहेर जाणार नाहीत.

संपादक महोदय, आपणाकडे एक विनंती आहे. निकाल लागला की आपण गुणवत्ता यादीतील मुलांची छायाचित्रे छापता, आणि ती मुले त्या कौतुकास पात्र असतात. यंदा त्याबरोबर प्रत्येक तालुक्यात चौथीच्या पटावर एकूण मुले किती होती आणि त्यांतील परीक्षेला बसली किती, हे दोन आकडेही परीक्षा परिषदेकडून आणि जिल्हा परिषदेकडून मागवून शेजारी छापावेत.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त केंद्रप्रमुख, जि. बीड