आझम अली यांना महाराष्ट्रात गायला बोलवा

संपादक महोदय,
स. न.

आपल्या दैनिकात इराण दिसतो तो युद्ध, तेल आणि अणुकार्यक्रम यांच्या बातम्यांत. देश सोडावा लागलेले तिथले गायक-वादक परदेशच्या रंगमंचांवर काय घडवत आहेत, याबद्दल काहीच वाचायला मिळत नाही. म्हणून हे पत्र.

१९७९च्या क्रांतीनंतर इराणमध्ये पुरुष श्रोत्यांसमोर बाईने एकटीने गाण्यावर बंदी आली. अफाट लोकप्रिय असलेल्या गायिका गुगुश वीसेक वर्षं गप्प राहिल्या, आणि २००० साली देशाबाहेर पडल्यावर टोरांटोत पुन्हा गायल्या. डिसेंबर २०२४मध्ये गायिका परस्तू अहमदी यांनी इराणमध्येच, हिजाब न घेता, समोर एकही श्रोता नसताना गाऊन ती मैफल इंटरनेटवर दाखवली. त्यांना अटक झाली. गाणं लपूनछपून ऐकता येतं, पण समोर बसलेल्या माणसांची दाद घेत गायचं तर या बायकांना आजही देश सोडावा लागतो. हे मला फार लागतं.

यातल्या एक गायिका तर आपल्या सातारा जिल्ह्यात वाढल्या. आझम अली यांचा जन्म तेहरानचा, बालपण पाचगणीच्या निवासी शाळेतलं. भारतीय संगीत त्यांच्या कानावर पडलं ते तिथेच. १९८५ साली आईबरोबर त्या अमेरिकेला गेल्या, तिथे मनुचेहर सादेगी यांच्याकडे इराणी संतूर शिकल्या. पुढे लोगा रामीन तोर्कियान यांच्यासोबत त्यांनी ‘नियाझ’ हा वाद्यवृंद उभा केला. फारसी आणि उर्दू सूफी काव्य, जुनी तंतुवाद्यं आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी असा त्यांचा मेळ आहे. आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या संत राबिया यांच्यावरून स्फुरलेल्या त्यांच्या प्रयोगात गिरक्या घेणाऱ्या नर्तिकेच्या हालचालींबरोबर रंगमंचावरची प्रकाशचित्रं बदलत जातात. चित्रफितीवरही हे पाहताना मी खिळून बसते. प्रत्यक्षात काय होत असेल!

‘भाषा कळणार नाही’ ही सबब आयोजकांनी सांगू नये. ब्रजमधल्या बंदिशी आणि पंजाबी टप्पे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. कवितेला अर्थ हवा हे खरं, तर तो मराठीतून पडद्यावर दाखवा. १९२५ साली माधव जूलियन यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केलेली ही भाषा आहे, तिला हे जड नाही. शुजात खाँ यांची सतार आणि इराणी वादक कैहान कल्होर यांचा कमांचा हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य यांची जोडी तर केव्हाच जमली आहे. २००१ सालची त्यांची स्वित्झर्लंडच्या बर्नमधली मैफल ध्वनिमुद्रित आहे, आयोजकांनी ती जरूर ऐकावी.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या संगीत महोत्सवांनी आझम अली यांना रीतसर निमंत्रण द्यावं, आणि एक प्रयोग पाचगणीतही ठेवावा. तोवर आपण रविवारच्या पुरवणीत निदान त्यांची सविस्तर मुलाखत छापावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा