फ्रेंचमन नदीकाठी जाणाऱ्या लेकीस

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

व्हॅल मेरीची तुझी उन्हाळ्याची नोकरी पक्की झाली, छान झालं. कॅनडातल्या आपल्या सस्कॅचेवान प्रांताच्या पार दक्षिणेला, शे-दीडशे वस्तीचं गाव. नकाशा उघडलास की रस्ते नंतर बघ, आधी फ्रेंचमन नदी शोध. तिथली वैरण नि गुरं तिच्याच जिवावर आहेत.

ती सायप्रस हिल्समध्ये उगम पावते, ईस्टएंडवरून व्हॅल मेरीला येते आणि अमेरिकेच्या मोंटाना राज्यात शिरून मिल्क नदीला मिळते. पुढं मिसूरी, मिसिसिपी, थेट मेक्सिकोचं आखात. आपल्या सास्काटूनचं पाणी मात्र हडसनच्या उपसागरात जातं. (एकाच प्रांतातलं पाणी दोन दिशांना जातं हे बाबांना अजून पटत नाही.) दोन देशांची नदी म्हणजे पाण्याची वाटणी आलीच, त्यामुळं गावाजवळ भरलेला जलाशय दिसला तरी सगळं पाणी गावाचं नसतं.

पाऊस वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा मातीतच जिरतो. ओढे वाहतात ते मुख्यतः वसंतात वितळणाऱ्या बर्फावर. ते पाणी अडवायला रँचवाले शेततळी खणतात. तिकडे त्यांना डगआउट म्हणतात. तू गुरांची डॉक्टर होणार, म्हणून इथं जरा लांबण लावते. कोरड्या वर्षी तळं आटतं, पण क्षार काही उडून जात नाहीत. त्यातलं सल्फेट लिटरला 1000 मिलिग्रॅमच्या वर गेलं की आम्ही लॅबवाले सावध होतो. 2017 च्या उन्हाळ्यात आपल्याच प्रांतातल्या शॅमरॉक गावाजवळच्या कुरणात अशाच खारावलेल्या पाण्यापायी दोनशेच्या वर गुरं दगावली. पाणी नितळ दिसलं म्हणून भुलू नकोस. आंधळ्यासारखी चालणारी, कुंपणाला डोकं टेकून उभी राहिलेली गाय दिसली, की आधी ती कुठं पाणी पिते ते विचार.

आणि पाऊस पडला की कच्च्या रस्त्यावर गाडी घालू नकोस. तिथल्या चिकणमातीला गंबो म्हणतात. चाकांना ती अशी लिंपते की चाक फिरायचंच थांबतं, नि मदतीला येणाराही त्याच चिखलातून येणार.

नमुन्याच्या बाटल्या डिकीत ठेवल्या आहेत. त्याच तळ्याच्या पाण्यानं तीनदा विसळून भर, काठाचा गाळ ढवळू देऊ नकोस, आणि तारखेबरोबर कुरणाचं नावही लिही. नुसतं 'डगआउट' लिहिलेल्या बाटल्या आमच्याकडे ढिगानं पडल्या आहेत.

तुझी,
आई