डिस्चार्ज कार्डावर ऑक्युपेशनल थेरपीही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक पक्षाघात दिनानिमित्त आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं की वाट न बघता रुग्णालय गाठा, साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं तर पुढचं बरंच नुकसान टळू शकतं, हे त्यात फार सोप्या भाषेत सांगितलं आहे. लेखाचं कात्रण मी आमच्या गल्लीत घरोघर दाखवलं. पण रुग्ण वाचून घरी आला की त्याच्या पुढच्या दिवसांविषयी फारसं छापून येत नाही. म्हणून हे पत्र.

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. उपचार वेळेवर झाले. रुग्णालयातून सोडताना कार्डावर गोळ्या, रक्तदाबाची तपासणी आणि 'फिजिओथेरपी चालू ठेवा' एवढं लिहिलं होतं. फिजिओथेरपीने त्यांना उभं केलं, चार पायांची काठी घेऊन त्या अंगणापर्यंत चालू लागल्या; त्याचं श्रेय द्यावं तेवढं थोडं. तरीही आंघोळ, साडी, जेवण, संडास यांतलं काहीही त्यांना एकटीने जमत नव्हतं. हे शिकवणारे वेगळे तज्ज्ञ असतात, हे त्या रुग्णालयात आम्हाला कुणीही सांगितलं नाही. नात्यातल्या एका मुलीमुळे ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार (रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणारा उपचार), हे नाव कानावर पडलं. जवळपास कुणी सापडेना, तेव्हा गाडी करून पुणे गाठलं.

तिथल्या थेरपिस्ट बाईंनी हात-पाय तपासले आणि मग विचारलं, "आजी, घरी तुम्हाला सगळ्यात आधी काय करता यायला हवंय?" झटका आल्यापासून सासूबाईंना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. त्या म्हणाल्या, "संडासला जाताना कुणाला हाक मारायला लागू नये. आणि माझा चहा मला करता यावा." उपचाराची आखणी या दोन वाक्यांवरून झाली. घरातल्या न्हाणीघराचा, संडासाचा, ओट्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवायला सांगितला. त्यावरून संडासातल्या भांड्यावर ठेवायची खुर्ची ठरली. भिंतीला लोखंडी दांडा बसवायचा तो डाव्या बाजूला, कारण पकड त्या हातात आहे. न्हाणीघराचा उंबरा काढायचा. गवंड्याचं एका दिवसाचं काम.

कपड्यांचा नियम तर इतका साधा की तो प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर लावायला हवा: घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना धड हात आधी बाहेर. ब्लाउजच्या हुकांच्या जागी वेलक्रो लावलं. गाऊन घालायला सासूबाई तयार नव्हत्या, तर त्यांच्यावर जबरदस्ती न करता बाईंनी त्यांच्याच साड्या निऱ्यांसकट शिवून घ्यायला सांगितल्या.

चहाचं मात्र मी जरा सविस्तर लिहिते, कारण या उपचारात नेमकं काय होतं ते त्यातून समजतं. चहा करणं म्हणजे बाईंच्या दृष्टीने दहा-बारा वेगवेगळी कामं, आणि त्यांतलं कुठलं अडतंय ते त्या एकेक करून बघत गेल्या. उभं राहून दम लागतो, म्हणून ओट्यापाशी उंच स्टूल. दुधाची पिशवी एका हाताने फाडता येत नाही, तर ती उभट मगात उभी ठेवायची आणि डाव्या हातातल्या कात्रीने कोपरा कापायचा. साखरेच्या डब्याचं घट्ट फिरकीचं झाकण बदलून सैल झाकण आणलं. आलं किसताना किसणी सरकते, तिच्याखाली ओलं फडकं. पातेलं दांडीचं आणि हलकं. कप सिंकमध्ये ठेवून त्याच्या काठावर टेकणारी गाळणी, म्हणजे सांडलं तरी अंगावर येत नाही. उजव्या हातालाही सुट्टी नव्हती. डबा उघडताना तो दाबून धरायचं काम त्याच हाताकडे. जो हात वापरायचाच सोडून दिला तो आखडतो, खांदा दुखू लागतो, आणि मेंदूही त्या हाताला हळूहळू विसरतो. खऱ्या कामासाठी तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली की मेंदू ती नव्याने शिकू शकतो, असं बाईंनी आम्हाला समजावलं. नुसता रबरी चेंडू दाबत बसायला सासूबाई कंटाळायच्या; चहाला कधी कंटाळल्या नाहीत.

शेजारपाजारच्या बायका म्हणत, घरात सून असताना म्हाताऱ्या माणसाने ओट्यापाशी कशाला जायचं? सेवा करावी, आराम द्यावा, असंच आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण आयुष्यभर घर चालवलेल्या बाईच्या हातून एकेक काम काढून घेतलं की ती घरात असूनही घराबाहेर पडते, हे मी जवळून बघितलं आहे. बाईमाणूस 'चालायला लागली' की बरी झाली असं आपण धरून चालतो, याचीही मला चीड येते.

त्याच ठिकाणी एक गृहस्थ यायचे. त्यांची डावी बाजू गेलेली, पण डाव्या हातात थोडी ताकद परत आली होती. घरच्यांची तक्रार अशी की ते ताटातली अर्धी भाजी टाकतात. थेरपिस्ट बाईंनी ताट फिरवलं आणि त्यांनी उरलेलं सगळं जेवण संपवलं. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांना डावीकडचं जग असून नसल्यासारखं होतं; डोळे ठीक असतात, लक्षच तिकडे जात नाही. मग ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायची आणि ती दिसेपर्यंत नजर नेण्याची सवय लावायची. असा माणूस रस्ता ओलांडायला निघाला तर काय होईल, याचा विचार करावा. हाताची ताकद मोजून ही अडचण कळत नाही, जेवताना बघावं लागतं.

आणि हे फक्त पक्षाघातापुरतं नाही. भाजलेल्या माणसाची बोटं आखडू नयेत म्हणून स्प्लिंट, म्हणजे बोटं नीट धरून ठेवणारा आधार, करून देणं, कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या हाताला गरम भांडं भाजू नये म्हणून लाकडी मुठी बसवणं, सांधे दुखणाऱ्या शेतकरी बाईच्या खुरप्याची मूठ जाड करून देणं, सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलाला वर्गात नीट बसता यावं म्हणून बाक-खुर्ची जुळवणं, मानसिक आजारातून सावरणाऱ्या तरुणाबरोबर एसटीने जाऊन तिकीट काढण्याचा, सुटे पैसे मोजण्याचा सराव करणं, हे सगळं याच शास्त्रात येतं.

मनाला लागतं ते हे की हा उपचार महाराष्ट्राला नवा नाही. आशियातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा 1950 साली मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, लग्न करून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. पुढे नागपूरलाही हे शिक्षण सुरू झालं. 1952 मध्ये या क्षेत्राची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. आमच्या फलटणमध्ये कमलाबाईंच्या नावाची शाळा आहे. तिचं नाव गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांनी या देशात रुजवलेला उपचार शोधायला आम्हाला पुण्याला जावं लागलं.

आजही मुंबईच्या केईएम, नायर, शीव आणि नागपूरच्या सार्वजनिक रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांत याची पदवी मिळते. 2002 च्या कायद्याने ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी या दोन्हींसाठी राज्यात परिषद आली, तिथे नोंदणी होऊ लागली. म्हणजे शिकलेली मुलं-मुली आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. मग जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत हे तज्ज्ञ नेमायला काय हरकत आहे? प्रत्येक तालुक्याला कायमचा माणूस देणं लगेच जमणार नसेल, तर आठवड्यातून ठरलेल्या वारी एक थेरपिस्ट उपजिल्हा रुग्णालयात यावा. घराचे व्हिडिओ बघून बरंचसं मार्गदर्शन फोनवरही होतं, हा आमचा अनुभव आहे. परगावी न्यायला गाडीभाडं परवडत नाही म्हणून कितीतरी रुग्ण खाटेवरच राहतात.

दुसरी मागणी तर बिनखर्चाची आहे. पक्षाघात, डोक्याला मार, भाजणं, मणक्याची इजा अशा रुग्णाला घरी सोडताना डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर फिजिओथेरपीच्या शेजारी ऑक्युपेशनल थेरपीही लिहावी आणि ती कुठे मिळेल तेही सांगावं. कार्डावर लिहिलेलं घरचे लोक मनापासून पाळतात.

बँकांनीही थोडं समजून घ्यावं. उजवा हात गेल्यावर सासूबाईंनी डाव्या हाताने सही गिरवून गिरवून बसवली, हाही त्यांच्या उपचाराचाच भाग होता. नवीन सही नोंदवून घ्यायला आमच्या शाखेत आधी टाळाटाळ झाली. 'अंगठा चालेल की' असं सांगितलं गेलं. नियमाने अंगठा चालतो हे खरं, पण ज्या बाईने आयुष्यभर सही केली तिला अंगठा नको होता. शेवटी साहेबांनी स्वतः लक्ष घातलं आणि आता पेन्शन त्या स्वतःच्या सहीने काढतात.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. ऑक्युपेशनल थेरपी आपल्या भागात कुठल्या सरकारी, पालिका आणि धर्मादाय रुग्णालयांत मिळते, तिथे कोणत्या वारी यायचं, केसपेपर कुठे काढायचा, याची जिल्हावार यादी आपल्या बातमीदारांकडून मिळवून आरोग्य पुरवणीत छापावी. फलटण तालुक्यापुरती चौकशी करून ती माहिती आपल्या कार्यालयात पोहोचवायची जबाबदारी मी घेते.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
फलटण, जि. सातारा