ग्रंथालय प्रणालीतील बिघडलेल्या नोंदी दुरुस्त करून देण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : शाळेच्या ग्रंथालय प्रणालीतील दोष, तसेच आमच्या नोंदी मानक स्वरूपात परत मिळण्याबाबत

महोदय,

आमच्या दादरच्या मराठी माध्यमाच्या शाळेने आपल्या कंपनीची ग्रंथालय प्रणाली गेल्या वर्षी घेतली. रक्कम पूर्ण दिली, वार्षिक देखभालीचे पैसेही वेळेत भरले. आपले तंत्रज्ञ नोंदी चढवून गेले आणि तेव्हापासून कपाटात असलेले पुस्तक मुलांना संगणकावर सापडेनासे झाले आहे. फोन केला की ‘तिकीट काढलंय, वरच्या टीमकडे पाठवलंय’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून मुख्याध्यापकांच्या संमतीने हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

२७ फेब्रुवारीचा, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनाचा, मराठी भाषा गौरव दिन आमच्याकडे उत्साहाने साजरा होतो. यंदा त्यांच्या सगळ्या पुस्तकांचे प्रदर्शन मांडायचे सातवीच्या मुलींनी ठरवले. लेखकाच्या रकान्यात त्यांनी ‘कुसुमाग्रज’ टाकले. कवितासंग्रह आले, नाटक एकही आले नाही. नाटकांवर नाव असते वि. वा. शिरवाडकर. हे दोघे एकच, हे आमच्या कार्डांच्या जुन्या पुस्तकसूचीला ठाऊक होते. ‘शिरवाडकर’ या कार्डावर ‘कुसुमाग्रज हेही पाहा’ अशी ओळ माझ्या आधीच्या ग्रंथपाल बाईंनी शाईने लिहून ठेवली होती. कार्डांवरून नोंदी उतरवताना आपल्या माणसांनी अशा सगळ्या ‘पाहा’ नोंदी गाळल्या. विचारले तर ‘सिस्टीममध्ये त्यासाठी फील्ड नाही’ असे सांगण्यात आले. वर ‘वि.वा. शिरवाडकर’, ‘शिरवाडकर वि. वा.’ आणि ‘विष्णु वामन शिरवाडकर’ असे तीन वेगळे लेखक प्रणालीत तयार झाले आहेत. टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची मराठीत केवढी मोठी परंपरा आहे! बालकवी आणि ठोंबरे, केशवकुमार आणि अत्रे या जोड्या ज्या प्रणालीत जुळत नाहीत, ती मराठी शाळेला विकण्याआधी याचा विचार व्हायला हवा होता.

दुसरी गोष्ट अक्षरांची. आमची आधीची यादी श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती आणि ती युनिकोड या अक्षरांच्या मानक संकेतपद्धतीत आणून देणे आपल्याच कोटेशनमध्ये लिहिलेले आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर यावी लागते. ही अदलाबदल बऱ्याच नोंदींत झालेलीच नाही. ‘किल्ले’ हा शब्द पडद्यावर ‘िकल्ले’ असा मोडका दिसतो आणि अर्थातच शोधला तर सापडत नाही. ‘ऱ्य’ची अडचण याहून चिवट आहे. हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी टाइप होते : ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखीच, पण संगणकाच्या लेखी ती निरनिराळी असतात. भूगोलाच्या बाईंनी सहलीआधी ‘दऱ्याखोऱ्या’ हा शब्द शोधला आणि उत्तर आले ‘शून्य निकाल’. शीर्षकातच तो शब्द असलेले पुस्तक त्यांच्या समोरच्या फळीवर होते. शोधण्यापूर्वी दोन्ही रूपे एक करून घेणे ही प्रणाली बनवणाऱ्याची जबाबदारी आहे. पाचवीतल्या मुलाने कीबोर्डची ही गुंतागुंत का सोसावी?

वर्णानुक्रमही चुकीचा आहे. मुले मुळाक्षरे शिकतात त्यात ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. आपल्या यादीत ‘ज्ञ’ची पुस्तके ‘ज’च्या गर्दीत जाऊन बसली आहेत.

आयएसबीएनच्या रकान्याने तर कहर केला आहे. पुस्तकाची ओळख पटवणारी ही क्रमांकपद्धती १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकांवर तो क्रमांक छापलेला नसतो. माजी विद्यार्थ्यांनी दिलेली अशी जुनी पुस्तके हे आमच्या ग्रंथालयाचे वैभव आहे. आपल्या प्रणालीत मात्र हा रकाना सक्तीचा, म्हणून आपल्या माणसांनी सरसकट तेरा शून्ये भरून टाकली. सारखा क्रमांक म्हणजे एकाच पुस्तकाच्या प्रती, असे प्रणाली धरते. परिणामी जुनी चरित्रे, शब्दकोश, नाटके, विज्ञानाची पुस्तके सगळी एकाच शीर्षकाखाली ‘प्रती’ म्हणून दिसतात. शब्दकोश दिला की देवघेवीत भलत्याच पुस्तकाचे नाव चढते. एप्रिलमधली साठा पडताळणी शेवटी दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांकाने नोंदवलेली वही) हातात घेऊन करावी लागली. त्या कामासाठीच तर प्रणाली घेतली होती.

वर्गांकाच्या रकान्यात दशांशचिन्हापुढे दोनच अंक मावतात. विषयानुसार पुस्तकांना क्रमांक देणाऱ्या ड्यूई पद्धतीत ८९१.४६१ म्हणजे मराठी कविता, ८९१.४६२ नाटक, ८९१.४६३ कथा-कादंबरी. आपल्याकडे तिन्हींचे ८९१.४६ झाले, तशीच लेबले छापली गेली आणि ती पुस्तकांच्या पाठीवर चिकटलीही.

इतके झाल्यावर आम्ही आमच्या नोंदी परत मागितल्या, तेव्हा एक एक्सेल फाइल आली. तिच्यात आयएसबीएनच्या जागी ‘९.७८८१८ई+१२’ असे काहीतरी आहे, म्हणजे पुढचे अंक गेलेच. दाखल क्रमांकांच्या आधीची शून्येही गळाल्यामुळे पुस्तकांवरचे बारकोड त्या यादीशी जुळत नाहीत. मार्क २१ या ग्रंथालयांच्या मानक नोंद-स्वरूपात नोंदी द्या म्हटले, तर ‘आमचा फॉरमॅट कंपनीचा खासगी आहे’ हे उत्तर मिळाले. फॉरमॅट आपला असेल, नोंदी आमच्या आहेत. कोहासारखी २००० सालापासून वापरात असलेली मुक्त ग्रंथालय प्रणाली मार्क २१ मध्ये नोंदी घेते आणि देते. तिला परवाना शुल्क नाही. पैसे घेणाऱ्या कंपनीकडून त्याहून कमी का स्वीकारावे?

या पत्राच्या तारखेपासून तीस दिवसांत आपण पुढील कामे करून द्यावीत. वेलांट्या आणि ‘ऱ्य’ची दुरुस्ती करून शोध आणि वर्णानुक्रम मराठीप्रमाणे चालावा. लेखकांची निरनिराळी नावे जोडण्याची सोय असावी. आयएसबीएनची सक्ती काढून एकत्र झालेल्या नोंदी दाखल क्रमांकानुसार सुट्या कराव्यात. दाखल नोंदवही आम्ही उपलब्ध करून देऊ, पण टंकलेखन आपल्या माणसांनी शाळेत बसून करावे आणि मराठी नीट वाचता येणारी व्यक्ती पाठवावी. वर्गांक पूर्ण भरून नवी लेबलेही आपल्या खर्चाने द्यावीत. आणि दुरुस्ती होवो न होवो, सर्व नोंदींची मार्क २१ प्रत आम्हाला पंधरा दिवसांच्या आत मिळालीच पाहिजे.

हे जमणार नसेल तर प्रणालीची आणि देखभालीची पूर्ण रक्कम परत करावी. दोन्हींपैकी काहीच झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करण्याचा निर्णय शालेय समितीने घेतला आहे. कोटेशन, पावत्या, आपल्याशी झालेला ईमेल व्यवहार आणि चुकीच्या नोंदींची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. उत्तर फोनवर नको, शाळेच्या पत्त्यावर लेखी पाठवावे.

कळावे,

आपली विश्वासू,
ग्रंथपाल

प्रत माहितीसाठी : मा. मुख्याध्यापक, अध्यक्ष, शालेय समिती